मीठ मागतानाचा आवाज

हेरेस, १२ जून १९८६

मेल्चोर,

तुझं पत्र पोचलं. बाबा गेल्यानंतरचं तुझं हे पहिलं पत्र, आणि पाकिटात निघालं काय, तर जाहिरात. गुळगुळीत कागदावर गिटार घेतलेला तू, केसांपासून नखांपर्यंत चकाकणारा. खाली कोपऱ्यात टपालाच्या तिकिटाएवढे बाबा. आणि मधे ठळक अक्षरांत, 'बेर्नाबेंच्या वादनाचा अखेरचा वारस, माद्रिदहून खास.' माद्रिदला तू परदेशी पाहुण्यांना जेवताना वाजवून दाखवतोस, ते मात्र छापलेलं नाही.

हेनारा आत्याचं नाव कुठे आहे ते मला चष्मा लावून शोधावं लागलं. गाणार ती, आणि नाव तिचं तळाशी. मी तिला सगळं वाचून दाखवलं. म्हणाली, "कोण मेल्चोर? तो नखं चिकटवणारा?"

"तोच," म्हटलं. "तुझा भाचा."

"असू दे," म्हणाली, "भाचे काय आपण निवडून घेतो थोडेच."

तू लिहितोस की सप्टेंबरात, द्राक्षांच्या सुगीच्या जत्रेत, रविवारी दुपारी पेन्यात, आपल्या गाण्याबजावण्याच्या मंडळात, बाबांच्या स्मरणार्थ बैठक आहे. आत्या इतक्या वर्षांनी चारचौघांत गाणार, तू साथ करणार. आणि मी? 'ताई, तुझ्या हातच्या तळलेल्या माशांची पेन्याच्या मंडळींना अजून आठवण आहे. तेवढं तू बघ. आणि आत्याचा आवाज तयार ठेव.' आवाज म्हणजे लोणचं वाटलं का तुला, बरणीत घालून ठेवायला?

आत्याचं वय मी सांगणार नाही, ती मला मारील. पण हे तिचं शेवटचंच बसणं, हे तिला माहीत आहे आणि मलाही. म्हणून एवढ्या वर्षांत न मागितलेली एक गोष्ट मागते. आत्या सोलेआ, ते संथ दुःखाचं गाणं, गाईल तेव्हा तिच्या शेजारच्या खुर्चीवर गिटार घेऊन मला बसू दे. एकच गाणं. बाकीची दुपार तुझी, टाळ्या तुझ्या, फोटोही तुझेच.

मागायला मला लाज वाटत नाही. लाज तुला वाटायला हवी, की मागावं लागतंय. आठवतं ना? बाबा तुला समोर बसवायचे, गुडघ्याला गुडघा लावून. दोन्ही हात दाखवायचे, बोटं धरून बसवायचे. आणि मला मागे, त्या बुटक्या स्टुलावर, मांडीवर लसणाची परडी देऊन. "पोरीनं बघायचं नाही. ऐकलं तर ऐकलं." बाहेरचा कुणी वादक घरी आला की बाबा त्याच्याकडे पाठ करून वाजवायचे, आपल्या घरच्या जागा चोरीला जाऊ नयेत म्हणून. म्हणजे बाबा दोघांकडे पाठ करायचे. चोराकडे आणि मुलीकडे.

मी तर चोरलंच. पाठीकडून चोरलं. रात्री तुम्ही दोघं वाइनच्या गुत्त्यात गेलात की तीच गिटार काढून मी कानात राहिलेलं बोटांनी शोधत बसायची. लसणाच्या रसानं माझी तार छेडायची नखं शिंगासारखी टणक झाली. तुझी अजून गोंदानं उभी आहेत.

मासे तळायचं बघते. खुर्चीचं तू बघ.

सालूद

---

हेरेस, ३ जुलै

मेल्चोर,

'सोलेआला अंगठा लागतो ताई, आणि अंगठा पुरुषाचाच लागतो. मनाला लावून घेऊ नकोस. तू हवं तर टाळ्यांवर ताल धर.'

मनाला नाही लावलं. पत्राच्या पाठीवर बाजाराची यादी केली.

अंगठ्याचं म्हणतोस तर एक गंमत ऐक. बिसिताबाईंचा नाचाचा वर्ग तुला ठाऊक आहे, न्हाव्याच्या दुकानाला लागून. तिथे पोरींच्या नाचाला मी वाजवते. पोटाचं म्हणशील तर त्यावरच चाललंय. भिंतीपलीकडे आपली पेन्याची मंडळी दाढी करायला बसतात आणि माना डोलवतात. "बिसिताचा नवरा काय वाजवतो राव. काय तो अंगठा. बेर्नाबे आठवतो." बिसिताचा नवरा त्या वेळी आतल्या खोलीत शब्दकोडी सोडवत असतो. त्याला गिटारला तारा किती असतात तेही माहीत नाही. मंडळी एक दिवस फुलांचा गुच्छ घेऊन त्याला पेन्याचं सभासद करून घ्यायला गेली. बिचारा घाबरला आणि खरं सांगून बसला. तेव्हापासून न्हावी सगळ्यांना सांगतो, "मला आधीच वाटलं होतं, अंगठा जरा कमजोरच होता."

हे तुझे जाणकार. ह्यांच्यासाठी तू सूट शिवतोयस.

आणि तूही त्यांतलाच. बाबा वाजवताना डावा खांदा वर उचलायचे, आठवतं? कोठारात काम करत होते तेव्हा दारूचं पिंप घरंगळत येऊन खांद्यावर आदळलं होतं. तेव्हापासून हात वळायचा नाही, म्हणून उचलायचे. तू धडधाकट माणूस, तूही उचलतोस. गेल्या वर्षी टीव्हीवर बघितलं तुला. निवेदक म्हणाला, "घराण्याची खास बैठक." मी आणि आत्या इतक्या हसलो की शेजारीण काय झालं बघायला आली. बाबांचं जे दिसलं ते सगळं तू उचललंस. जे दिसत नव्हतं ते राहिलं.

राहिलं ते काय, हेही फुकट सांगते, बापाचा मान म्हणून. बाबा म्हणायचे, गाणाऱ्याला पट्टी विचारू नये. बाईला वय विचारावं तसं ते. त्याच्याबरोबर जेवायला बसावं. तो मीठ मागेल तो त्याचा आजचा आवाज. तो ऐकायचा आणि मुकाट्यानं तारा आवळणारा चाप गिटारच्या त्या पडद्यावर बसवायचा; चाप जितका वरच्या पडद्यावर तितकी पट्टी चढी, एवढं तरी तुला येतं. म्हणून बाबा बैठकीआधी कधी उपाशी राहिले नाहीत. तुला वाटायचं, म्हातारा खादाड आहे.

तेव्हा दोन दिवस आधी ये. आत्याबरोबर जेव. तिचा चाप हल्ली कितव्या पडद्यावर बसतो ते मला माहीत आहे, रोज दुपारी अंगणात मीच तिला साथ करते. पण मी सांगणार नाही. माझा अंगठा बाईचा आहे. त्याचं काय एवढं मनावर घ्यायचं.

सालूद

---

हेरेस, २५ ऑगस्ट

मेल्चोर,

तू पेन्याच्या अध्यक्षांना माझ्याकडे पाठवलंस. स्वतः लिहायची हिंमत झाली नाही, होय ना?

डॉन एलादियो आले, मिशीला तेल लावून. मी पिठात मासे घोळवत होते, एका लग्नाच्या जेवणाची ऑर्डर होती. नाक वर करून वास घेतला आणि म्हणाले, "सालूद, हात आहे तुझ्यात."

"दोन आहेत," म्हटलं. "उजव्याची नखं बघा."

बघितली नाहीत. म्हणाले, "तुझा भाऊ सांगत होता, तुझी काही इच्छा आहे म्हणून. हे बघ बाळ, आमचा काही विरोध नाही. आम्ही जुनाट नाही. पण त्या खुर्चीवर तुझे वडील बसायचे."

"म्हणूनच मागते."

"आणि त्यांचे वडील."

"ते लोहार होते. ते ऐरणीपाशी उभे राहायचे."

"तसं नाही गं. लोक काय म्हणतील? बाई गिटार मांडीवर घेऊन, पाय असे..." पुढचं त्यांना बोलवेना. चार मुलं झालीत माणसाला, आणि बाईचे पाय म्हटल्यावर घसा कोरडा पडला. मी पाणी दिलं.

आत्या कोपऱ्यात डोळे मिटून बसली होती. मला वाटलं झोपली. म्हणाली, "एलादियो, तुझी आई तुला दूध पाजायची तेव्हा कशी बसायची रे?"

डॉन एलादियो उठले. दारातून म्हणाले, "मासे मात्र भरपूर कर."

ते गेल्यावर मी आत्याला म्हटलं, तू नाही म्हण. मी नाही तर तूही नाही म्हणून सांग. तिनं शाल सावरली. मग म्हणाली, "बेर्नाबे माझा भाऊ होता. त्याच्या नावाची बैठक आहे. मी गाणार. वाजवणारा गाढव असला तरी गाणार."

मला वाईट वाटलं. मी तिच्याशी दिवसभर बोलले नाही. जेवताना तिनं मीठ मागितलं ते मी ऐकलं, पण मुद्दाम उशिरा दिलं.

तू दोन दिवस आधी येणार नाहीस असं कळलं. रविवारी सकाळी गाडीनं निघणार म्हणे. ठीक आहे. शहाण्याला शब्दाचा मार. तू त्यात बसत नाहीस, ही माझी चूक नाही.

सालूद

---

हेरेस, १६ सप्टेंबर

मेल्चोर,

तू कुणाचा निरोप न घेता गाडीत बसून गेलास. पुढचं तू बघितलंच नाहीस, म्हणून लिहिते. आधीचंही लिहिते, कारण तू ते माद्रिदला भलतंच सांगत फिरशील.

तू पेन्यात आलास तेव्हा सगळे जेवत होते. तू आत्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतलेस. तिनं खुर्ची ओढून दिली. तू म्हणालास, "वाजवण्याआधी मी जेवत नाही." फोटोवाल्याला हाक मारलीस आणि भिंतीवरच्या बाबांच्या फोटोखाली उभा राहिलास. तेवढ्यात आत्यानं मीठ मागितलं. तुझ्या शेजारीच. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकलं. आवाज खाली होता, सकाळच्या गारव्यानं आणखी खाली गेलेला. दुसरा पडदा, त्याच्या वर अजिबात नाही. तू कॉलर नीट करत होतास.

मग तू बसलास, खांदा उचललास आणि चाप लावलास सहाव्या पडद्यावर. मी पिठाचे हात तसेच धरून उभी राहिले. सहावा कुठून आला हे मला लगेच कळलं. बाबांच्या जुन्या तबकडीवर आत्या सहाव्यावर गाते. तिशीतली आत्या. तू तबकडीबरोबर जेवून आला होतास.

तू सुरुवातीला इतका वेळ एकटाच वाजवत राहिलास की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी बिड्या पेटवल्या. आत्या खोकली. पुन्हा खोकली. आपल्या आळीतलं शेंबडं पोरही सांगेल, गाणारी असं खोकली की चाप खाली घ्यायचा. तू मान झुकवून हसलास, म्हातारीला खोकला झालाय म्हणून.

ती चढली. मी सांगते तुला, ती माझ्या डोळ्यांदेखत एकेक पायरी रांगत चढली, आणि दुसऱ्या ओळीवर आवाज फाटला. आणि तू काय केलंस? हात उचलून लोकांना म्हणालास, "मंडळी, वय झालंय. टाळ्या द्या आपल्या हेनाराला."

लोकांनी टाळ्या दिल्या. दयेच्या. माझ्या आत्याला, मेल्चोर. मला तेव्हा तळणीचं तेल तुझ्या अंगावर ओतावंसं वाटलं, आणि आजही मला त्याचं काही वाईट वाटत नाही. नाचता येईना आणि अंगण वाकडं असं लोक म्हणतात. तुझं अंगण तर सख्खी आत्या होती.

पुढचं तुझ्यासमोरच झालं, पण तू मांडीकडे बघत होतास. आत्यानं शाल काढून खुर्चीवर टाकली. टेबलावर बोटांची पेरं आपटली. एकदा, मग पुन्हा. सगळ्यांच्या आधी मागच्या रांगेतल्या गाडीवाल्या फ्रास्कितोला कळलं, त्यानं टोपी काढली. ती मार्तिनेते गायला लागली. आपल्या आजोबांचं, भट्टीपाशी गायचं गाणं. त्याला साथ हातोड्याची. गिटारला त्यात जागाच नाही, कधी नव्हती. गिटारवाल्याच्या नावाच्या बैठकीत, गिटारवाला शेजारी बसलेला असताना, ती बिनगिटारीचं गात होती. स्वतःच्या पट्टीत.

तू तरी तारांवर तिला शोधायला गेलास. फ्रास्कितो म्हणाला, "ए पोरा, ते लाकूड ठेव खाली." तेव्हा तू ठेवलंस.

तू निघून गेलास तेव्हा ती गात होती. संपल्यावर टाळी वाजली नाही. डॉन एलादियो रुमालात तोंड खुपसून रडत होते, मिशीचं तेल पसरलेलं. आत्या उठली, लोकांमधून वाट काढत माझ्या खिडकीशी आली आणि म्हणाली, "सालूद, मीठ दे."

मी दिलं. तिला मीठ नकोच होतं. हातात घेऊन सगळ्यांकडे वळली. "ऐकलंत? ही माझी पट्टी. ह्या पोरीला रोज ऐकू येते. पुढच्या वेळी त्या खुर्चीवर ही बसेल, नाहीतर मी घरी बसेन."

डॉन एलादियो म्हणाले, "पण मावशी, नियम..."

"मग नियमाकडून गाऊन घे," आत्या म्हणाली.

हे वाचून तुला वाटेल, ताई जिंकली, ताई खूश आहे. नाही रे. मला त्या दिवशी वाजवायला मिळालं नाही. माझे हात पिठात होते आणि आत्या त्या खुर्च्यांमधे एकटी होती. तुझ्या फजितीनं ते भरून येत नाही. मी घरी येऊन रडले, आणि उरलेले मासे मांजरांना घातले.

सालूद

---

हेरेस, ९ ऑक्टोबर

मेल्चोर,

एका महिन्यात तीन पत्रं. बाबांच्या आजारपणात एक आलं नव्हतं.

पहिल्यात तू लिहिलंस, आत्याला भ्रम झालाय, तिला गायला बोलावणाऱ्या सेवियाच्या नाट्यगृहवाल्यांना तसं कळव. दुसऱ्यात लिहिलंस, जे झालं ते झालं, आपण एका रक्ताचे. तिसरं मी दोनदा वाचलं. 'ताई, नाट्यगृहवाले म्हणतात, आत्या हो म्हणाली तर साथीला मीच. तू फक्त एवढं लिही, चाप कितव्यावर. एक आकडा. बाकी मी बघतो.'

नाट्यगृहवाले इथेही आले होते. फ्रास्कितोच्या मुलानं कुणाला सांगितलं, त्यानं कुणाला. शहरी माणसं, बुटांना धूळ लागू न देता अंगणात बसली. त्यांना तुझं नाव छापायचं होतं, टीव्हीवर आलेलं आहे म्हणून. आत्यानं विचारलं, "जेवलात का?" आणि त्यांना जेवायला बसवलं. जेवण झाल्यावर मी गिटार घेतली, वालेन्सियाच्या कारखान्यातली, कारण बाबांची तू मातीच्या दिवशीच उचलून नेलीस, दारावरची फुलं सुकली नव्हती. आत्या गायली. त्यांतला एक जण शेवटी म्हणाला, "बाई असून..." दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं. माझं नाव आत्याच्या नावाशेजारी छापायला गेलंय, एकाच मापात. मी वीत लावून बघणार आहे.

डॉन एलादियोही येऊन गेले. आता म्हणतात, सेवियाच्या आधी आमच्याकडे बसा, तुमच्या वडिलांची खुर्ची आहे. आम्ही जुनाट नाही. मी म्हटलं, "मासे कोण तळणार?" त्यांनी आजवर एवढा विचार कशाचाच केला नसेल.

आता तुझा आकडा. तो मी देत नाही, आणि ह्या वेळी रागानं नाही. आकडाच नाहीये, मेल्चोर. सोमवारी दुसरा होता. काल फ्रास्कितोशी भांडली, तर तिसरा. सर्दी झाली तेव्हा चापच नाही. सेवियाला कितवा असेल ते सेवियाला ती जेवायला बसेल तेव्हा कळेल, आणि शेजारी मी असेन. बाबांनी तुला सगळं दाखवलं, हे एवढं दाखवता येत नव्हतं. म्हणून ते मागे बसलेलीला मिळालं. त्यांना ते कळलं असतं तर त्यांनी मला खोलीबाहेर काढलं असतं, मला त्यांच्याबद्दल काही भ्रम नाहीत.

तुझ्या तिसऱ्या पत्राच्या शेवटी एक ओळ खोडलेली आहे. उजेडात धरली की वाचता येते. 'मला ऐकूच येत नाही ताई, मी नुसता बघतो.' एवढ्या वर्षांत तू लिहिलेलं हे एकच खरं वाक्य, आणि तेही खोडलंस.

शिकायचं असेल तर ये. माझ्याकडे पोरी येतात मंगळवारी आणि शुक्रवारी, बिसिताबाईंच्या वर्गातल्या तिघी. त्यांना मी समोर बसवते, गुडघ्याला गुडघा लावून, दोन्ही हात दाखवते. त्यांच्याकडे मी पाठ करत नाही.

तुझी जागा मागे आहे. ते बुटकं स्टूल अजून आहे, परडीही तीच. बसायचं, लसूण सोलायचा, बघायचं नाही. ऐकलं तर ऐकलं. मी मान वळवणार नाही, माझी वाट बघू नकोस. दुपारी आत्याबरोबर जेवायचं. ती मीठ मागेल तेव्हा तू सांगायचं, कितवा. चुकलास तर ती तुला काय म्हणेल ते मी लिहीत नाही, टपालखातं पाकीट उघडतं.

येताना बाबांची गिटार आण. जाताना ती इथेच राहील.

आणि नखांवरचा गोंद काढून ये. लसणाला वास लागतो.

सालूद